केस, क्रूस आणि काळीज

आज पंडिता रमाबाईंबद्दल बोलायचं आहे. पण आधी एक छोटी गोष्ट ऐका. रमाबाई पुढे ज्या बायबलात रमल्या, त्यातलीच आहे.

शमुवेल नावाच्या एका संदेष्ट्याला देव बेथलेहेम गावी पाठवतो. इशाय नावाच्या माणसाच्या मुलांतून एकाला राजा म्हणून निवडायचं असतं. थोरला अलीयाब उंचापुरा. शमुवेलाला वाटतं, हाच तो. देव त्याला अडवतो. माणसाला वरचं दिसतं, देवाची नजर काळजापर्यंत जाते, असा त्या अडवण्याचा अर्थ. एकामागून एक सात मुलगे पुढून जातात, एकही पसंत पडत नाही. धाकटा रानात मेंढरं राखत असतो, त्याला कुणी बोलावलेलंही नसतं. तोच दावीद, पुढे राजा झाला. आता गंमत बघा, दावीद दिसायला देखणा होता हेही तीच गोष्ट लगेच सांगून टाकते. रूपाबद्दल बोलल्याशिवाय माणसाला राहवत नाही, हेच खरं.

आता आपल्याकडे या. दीडशे वर्षांपूर्वी ब्राह्मणांत आणि इतर काही उच्च जातींत नवरा मेला की बाईचं डोकं भादरत. अंगावर आलवण, एक वेळचं जेवण, बसायला कोपरा. केस राखले तर मेलेल्या नवऱ्याला बंधन पडतं, अशी समजूत होती. म्हणजे बाई मनाने कशी आहे हे कुणी विचारायचंच नाही. डोकं बघायचं आणि ठरवायचं. दहा-बारा वर्षांच्या पोरीसुद्धा यातून सुटल्या नाहीत.

आणि हे सगळं संपलं असं म्हणून हात झटकू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. ठराव करावा लागला, म्हणजे ते चालू होतं. आपल्या बचत गटाच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलावणं जातं आणि कुणाला जात नाही, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने लेकीला. १८७० नंतरच्या दुष्काळात आई-वडील गेले. भाऊ-बहीण पायी देश फिरले. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे भाऊ गेला. मग जातीबाहेर लग्न केलं ते बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत पटकीने तेही गेले. चोविसाव्या वर्षी पदरात एक मुलगी आणि कपाळी वैधव्य.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथेच त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला, की बाई बाटली. पण तिकडे काय झालं तेही ऐका. मठातल्या लोकांना वाटे, ख्रिस्ती झाली म्हणजे आता आमच्यासारखं वागावं. रमाबाईंनी मांसाहार केला नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, ती त्यांना नको होती. माझ्या लोकांना जी भाषा कळत नाही ती का मिरवू, संस्कृत का नको, असा त्यांचा मुद्दा. मोठे धर्मगुरू म्हणाले, पुरुष विद्यार्थ्यांना बाईने शिकवू नये. रमाबाईंनी तेही ऐकून घेतलं नाही. सिस्टर जेराल्डिन त्यांना आईच्या जागी होत्या. त्यांना हा गर्व वाटे, हट्ट वाटे. आम्हाला मात्र तो हट्ट वाटत नाही. देव जर काळीज बघतो, तर ताटात काय आहे आणि गळ्यात कुठली अक्षरं आहेत, याची झडती माणसांनी कशाला घ्यायची?

स्वतःलाही त्यांनी याच मापाने मोजलं. 'माझी साक्ष' या लहानशा पुस्तकात त्या कबूल करतात, की बाप्तिस्म्यानंतरही बरीच वर्षं आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. जगाने ज्या दिवशी त्यांना ख्रिस्ती म्हणून नावं ठेवली, तो दिवस त्यांच्या लेखी पुरता नव्हता. पाणी डोक्यावर पडलं तरी आत काही बदलायला वेळ लागला, हे इतक्या नामांकित बाईने छापून सांगणं सोपं नव्हतं.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला हलवलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली ज्यांच्याशी पुनर्विवाह केला, त्या याच. सदनात ज्या मुलींना हवा त्यांना आपला धर्म पाळता येई. पण रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती अगदीच खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. परक्याच्या हाती लेक देणाऱ्या आईबापाचा जीव धास्तावणारच.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. लहानपणी दुष्काळात आई-वडील गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून मुली घेऊन आल्या. हाडं निघालेल्या, डोक्यात उवा, अंगावर खरजा-फोड, काहींवर पुरुषांनी अत्याचार केलेले. कुणी दारात उभं करणार नाही अशा या पोरी. दौंडजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं झाली. इथे जात विचारली नाही. समाजाने वाईट चालीच्या ठरवलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' होतं. आंधळ्यांसाठी 'बार्तिमी सदन'. बायबलातल्या बार्तिमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्यावरून ते नाव ठेवलं. तो येशूला हाक मारत होता आणि गर्दी त्याला गप्प बस म्हणत होती. मनोरमाबाईंनी, म्हणजे रमाबाईंच्या लेकीने, ब्रेल शिकून घेतली आणि या बायका बोटांनी वाचायला लागल्या. शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाती.

स्वतः रमाबाई फोटोत दिसतात तशाच राहिल्या, आखूड केस, पांढरं लुगडं. ते कुणी लादलेलं नव्हतं.

शेवटची बरीच वर्षं त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढं संस्कृत येणारी बाई, पण भाषा हवी होती ती खेड्यातल्या बाईला कळेल अशी. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवणारे हात तिथल्या बायकांचेच होते.