उसन्या इंजिनावर उभे राहिलेले खेळ

नाटक मंडळ्या गांवोगांव फिरत, त्या काळीं प्रत्येक मुक्कामीं नवें नाट्यगृह बांधण्याच्या भरीस कोणी पडत नसे. रंगमंच, पडदे ओढण्याचे दोर आणि दिव्यांची सोय हीं तेथें आधींच असत; मंडळी आपलें नाटक, आपले नट व आपला साज घेऊन येई. टाळ्या पडत त्या नाटकाला. दोर कोणाच्या मालकीचे, याची चौकशी प्रेक्षक करीत नसत. घरोघरीं मुलें ज्या संगणकीय खेळांत तासन् तास रमून जातात, त्या खेळांचीही अशीच एक पडद्यामागची बाजू आहे. खेळावर नांव एका संस्थेचें असतें. परंतु तो ज्या यंत्रणेवर चालतो ती पुष्कळदां दुसऱ्याच संस्थेकडून परवान्यानें घेतलेली असते. या देवघेवीचा इतिहास तीस वर्षांहून थोडाच अधिक आहे. पण दुसऱ्याची वस्तु राबवून, सुधारून ती आपली कितपत होते, हा फार जुना प्रश्न त्यांत नव्या रूपानें उभा राहिलेला दिसतो.

या यंत्रणेला ‘इंजिन’ असें म्हणतात. तें लोखंडाचें नसून आज्ञावलींचें असतें. खेळाडूनें कळ दाबली कीं पात्रानें पाऊल उचलावें, भिंतीवर आदळतांच थांबावें, दिव्याजवळची भिंत उजळ व दूरची अंधारी दिसावी, मागून येणाऱ्या शत्रूची चाहूल मागूनच ऐकूं यावी, आणि हें सारें चित्र सेकंदाला तीस-साठ वेळां नव्यानें काढलें जावें, हें काम इंजिनाचें. उलट, पात्र कोण, भिंत राजवाड्याची कीं कारखान्याची, शत्रु कोठें दबा धरून बसला आहे, हें खेळाच्या रचनाकारानें ठरवावयाचें. पहिल्या कामास गणित आणि वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो. दुसऱ्यास मुख्यतः कल्पकता. हीं दोन कामें एकमेकांपासून वेगळीं करतां येतात हें ध्यानांत आलें, तेव्हांच इंजिनाचा व्यापार शक्य झाला.

त्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेच्या टेक्सास राज्यांतील ‘इड सॉफ्टवेअर’ या लहानशा संस्थेकडे जातें. तिनें डिसेंबर १९९३ मध्यें ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या इंजिनाचा कर्ता जॉन कार्मॅक. नकाशे, चित्रें व आवाज हीं या खेळांत मूळ आज्ञावलींत न गुंफतां निराळ्या फाइलींत ठेवण्यांत आलीं होतीं. त्यामुळें इंजिनास हात न लावतां त्यावर नवा नकाशा चढवितां येऊं लागला, आणि हौशी खेळाडूंनीं असे शेंकडों नकाशे रचले. विस्कॉन्सिनमधील ‘रेव्हन सॉफ्टवेअर’ या संस्थेनें तर रीतसर परवाना घेऊन त्याच इंजिनावर १९९४ सालीं ‘हेरेटिक’ आणि १९९५ सालीं ‘हेक्सेन’ हे खेळ काढले. ‘डूम’मध्यें खेळाडूला मान वर-खालीं करतां येत नसे, रेव्हननें इंजिनांत फेरफार करून ती सोय केली, आणि सांपडलेल्या वस्तु जवळ बाळगून हव्या तेव्हां वापरण्याची योजनाही घातली. घेतलें तसेंच वापरावें, असा हा व्यवहार नव्हता. घेतलेल्यांत भर घालावी, हें आरंभापासून त्यांत गृहीतच होतें.

जून १९९६ मध्यें इडचा ‘क्वेक’ हा खेळ आला. ‘डूम’मधील शत्रु कागदी बाहुल्यांसारखे सपाट असत, ‘क्वेक’मध्यें ते घनाकृति झाले. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल व माइक हॅरिंग्टन या दोघांनीं वॉशिंग्टन राज्यांत कर्कलंड येथें ‘व्हाल्व्ह’ ही संस्था काढली आणि ‘क्वेक’च्या इंजिनाचा परवाना मिळविला. संस्था अगदीं नवी. तिच्या नांवावर तोंपर्यंत एकही खेळ नव्हता. परंतु परवान्याबरोबर इंजिनाची मूळ संहिता, म्हणजे कर्त्यानें लिहिलेल्या आज्ञा जशाच्या तशा, तिच्या हातीं आली. आणि सर्व महत्त्व याच गोष्टीला आहे. बाजाची पेटी नुसती भाड्यानें आणणारा ती जशी वाजेल तशी वाजवितो. ज्याला ती उघडण्याची मुभा आहे आणि अक्कलही आहे, तो तिचे सूर हवे तसे लावून घेतो.

व्हाल्व्हच्या मंडळींनीं पेटी उघडली. ‘क्वेक’मध्यें पात्राची प्रत्येक ढब ही एक संपूर्ण आकृति म्हणून सांठविलेली असे; चालण्याच्या दहा ढबी म्हणजे दहा आकृति. व्हाल्व्हनें ही रीत टाकून पात्राच्या आंत जणूं हाडांचा सांगाडाच बसविला. हाड हललें कीं त्यावरील कातडी आपोआप हलूं लागली. पात्रें बोलतांना तोंड हलवूं लागलीं. शत्रूचे शिपाई एकटेदुकटे धांवून न येतां टोळीनें, एकमेकांचा अंदाज घेऊन चाल करूं लागले. खेळ १९९७ च्या अखेरीस बाहेर पडावयाचा होता. परंतु जें तयार झालें तें कर्त्यांच्याच मनास येईना. तेव्हां बरेंचसें काम मोडून त्यांनीं पुन्हां आरंभ केला. असें आणखी एक वर्ष घालविल्यावर नोव्हेंबर १९९८ मध्यें ‘हाफ-लाइफ’ प्रसिद्ध झाला आणि त्यानें जगभर नांव मिळविलें. तोंपर्यंत मूळ इंजिनाचा फार मोठा भाग नव्यानें लिहिला गेला होता. पुढें याच कामांतून व्हाल्व्हचें ‘सोर्स’ हें इंजिन उभें राहिलें, व २००४ सालचा ‘हाफ-लाइफ २’ त्यावर चालला.

या यशावरून, परवाना घेतला कीं मार्ग सोपा झाला, असें मात्र समजूं नये. इंजिनाचा मूळ मालक स्वस्थ बसलेला नसतो. तो तें सुधारीत असतो. परवानेदारानें आपल्या प्रतींत जितके अधिक फेरफार केले असतील, तितकें मालकाच्या नव्या सुधारणा तींत सामावून घेणें कठीण होतें. एकाच ओळीवर दोन हात फिरलेले असतात आणि कोणता शब्द ठेवावा हें दरवेळीं बसून ठरवावें लागतें. इडनें डिसेंबर १९९७ मध्यें ‘क्वेक २’ बाहेर काढला, तेव्हां व्हाल्व्हनें त्यांतील अगदीं थोडा भाग उचलला आणि आपल्या जुन्या पायावरच काम पुरें केलें. इडच्या संस्थापकांपैकींच एक जॉन रोमेरो यानें मात्र उलट मार्ग धरला. त्याच्या ‘आयन स्टॉर्म’ या नव्या संस्थेंत ‘डायकाटाना’ हा खेळ ‘क्वेक’च्या इंजिनावर चालला होता व १९९७ च्या नाताळांत यावयाचा होता. ‘क्वेक २’चें रूप पाहून त्यानें मध्येंच इंजिन बदलण्याचें ठरविलें. नवें इंजिन जुन्याहून इतकें निराळें निघालें कीं तयार काम त्यावर चढवितां चढवितां १९९९ साल उजाडलें, आणि खेळ लोकांच्या हातीं पडला तो मे २००० मध्यें. ज्याचा ‘क्वेक’च्या घडणींत स्वतःचा हात होता, त्याचाही अंदाज येथें चुकला.

इडला इंजिनाचा परवाना हें एक जोड-उत्पन्न होतें. त्याचा पूर्ण धंदा केला तो टिम स्वीनी यांच्या ‘एपिक’ संस्थेनें. मे १९९८ मध्यें आलेल्या ‘अनरिअल’ या खेळाचें इंजिन तिनें खेळ पुरा होण्यापूर्वींच इतरांस देऊं केलें होतें. याच धंद्यांतून पुढें एक गाजलेला खटला उद्भवला. कॅनडांतील ‘सिलिकॉन नाइट्स’ या संस्थेनें ‘टू ह्यूमन’ या खेळासाठीं अनरिअलची तिसरी आवृत्ति घेतली होती. एपिकनें ठरल्याप्रमाणें पुरें इंजिन वेळेवर दिलें नाहीं व आपल्याच खेळाकडे लक्ष पुरविलें, अशी फिर्याद तिनें २००७ सालीं केली. आणि आतां आपण स्वतःचें इंजिन रचलें आहे, असेंही सांगितलें. एपिकनें उलट दावा लावला कीं, हें स्वतःचें म्हणविलेलें इंजिन आमच्याच संहितेंतून उचललेलें आहे. मे २०१२ मध्यें ज्यूरीनें एपिकच्या बाजूनें कौल दिला व सुमारें ४४॥ लाख डॉलर नुकसानभरपाई ठरविली. एपिकच्या हजारों ओळी उतरून घेऊन त्यांवरील मालकीहक्काच्या सूचना काढून टाकल्या, असें न्यायाधीशांनीं नमूद केलें. आणि त्या संहितेवर आधारलेल्या खेळांच्या न विकलेल्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. २०१४ सालीं त्या संस्थेचें दिवाळें वाजलें.

कुळानें दुसऱ्याच्या जमिनींत विहीर खणली, बांध घातले, पीक दुप्पट केलें, तरी तेवढ्यानें जमीन त्याच्या नांवावर चढत नाहीं. येथेंही न्याय तोच लागला. फेरफार करण्याचा हक्क हा मालकीचा हक्क नव्हे. व्हाल्व्हनेंही नव्यानें पुष्कळ लिहिलें. पण तें परवान्याच्या छत्राखालीं राहून लिहिलें, आणि परवाना नाकारून घर वेगळें मांडण्याचा आव आणला नाहीं.

पुढें परवान्याच्या अटी पुष्कळ सैल झाल्या. ‘क्वेक’ची मूळ संहिता इडनें डिसेंबर १९९९ मध्यें सर्वांस खुली केली. एपिकनें मार्च २०१५ पासून इंजिन विनामूल्य देऊन खेळाच्या उत्पन्नावर शेंकडा पांच रॉयल्टी घेण्याचें ठरविलें, आणि २०२० सालीं पहिल्या दहा लाख डॉलरच्या उत्पन्नास तींतून सूट दिली. त्यामुळें ज्यांच्यापाशीं भांडवल थोडें अशांसही हें दार उघडलें. पुणें येथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळ अनरिअल इंजिनावरच उभा आहे. परंतु दार उघडणारा तें लोटूंही शकतो. ‘युनिटी’ या दुसऱ्या लोकप्रिय इंजिनाच्या मालकांनीं सप्टेंबर २०२३ मध्यें, ठराविक मर्यादेपलीकडे खेळ जितक्या वेळां यंत्रावर चढविला जाईल तितक्या वेळां आकार घेण्याचें जाहीर केलें, तेव्हां वर्षानुवर्षें त्या इंजिनावर काम करणारे लहानमोठे कर्ते एकदम हवालदिल झाले. मोठा ओरडा झाला, अटी सौम्य करण्यांत आल्या, आणि वर्षभरानें तो आकार रद्द झाला. पण आपल्या पायाखालची जमीन दुसऱ्याची आहे, याची आठवण त्या सर्वांना राहिली.

उसनें इंजिन घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. प्रत्येकानें चाक नव्यानें शोधावें असा आग्रह कोणी धरीत नाहीं. या तीस वर्षांच्या अनुभवानें दोन गोष्टी मात्र स्पष्ट केल्या आहेत. घेतलेल्या यंत्राचा ज्यांनीं आंतून अभ्यास केला, तेच पुढें स्वतःचें यंत्र उभें करूं शकले. आणि करारपत्र वाचून, त्याच्या मर्यादेंत राहून ज्यांनीं तो अभ्यास केला, त्यांच्याच पदरीं त्या श्रमाचें फळ पडलें.