पर्यटक आले की परंपरा संपते का?

विणकरांच्या गावात पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या, की आपण पटकन म्हणतो, 'झालं, परंपरा संपली!' आज हे विधान आपण एका गावावर तपासून पाहू.

दक्षिण मेक्सिकोतल्या चियापास राज्यात, डोंगराळ मुलखात सिनाकांतान आहे. इथले लोक माया, भाषा त्सोत्सिल. विणकाम बायकांचं. त्यांचा माग म्हणजे काठ्या, दोरी आणि एक पट्टा. ताण्याचं एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं, दुसरं पट्ट्याने कमरेला अडकवायचं. पुढे झुकलं की ताण सैल, मागे रेललं की घट्ट. म्हणजे विणणारीचं शरीर हाच मागाचा एक भाग. १६व्या शतकात स्पॅनिश लोक आले, त्याच्या कितीतरी आधीपासूनचा हा माग आहे.

याच भागातल्या नाबेनचौक या वस्तीत १९६९-७०च्या सुमारास पॅट्रिशिया ग्रीनफील्ड या मानसशास्त्रज्ञ गेल्या. मुली विणायला शिकतात कशा, हे त्यांना पाहायचं होतं. तेव्हा कापडावर मोजकेच नमुने असत, मुख्यतः लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे. आई मुलीला खेटून बसे आणि अडलं की स्वतः हात घाली. चुकायला फारसा वावच नव्हता.

१९९१मध्ये ग्रीनफील्ड पुन्हा तिथे गेल्या. आधी पाहिलेल्या मुली आता आया झाल्या होत्या. मधल्या काळात पैशाचा व्यवहार वाढला होता, कापड विकलं जात होतं. विक्रीत गुंतलेल्या घरांतल्या मुली आता बऱ्याचशा आपल्या आपण, चुकत-माकत शिकत होत्या. आणि नमुने? फुलं, प्राणी, भौमितिक आकृत्या, मोजता येऊ नयेत इतके!

आता या दोन गोष्टी जोडून पाहा. जुनी शिकवण होता तोच नमुना पुढे नेण्यासाठी चोख होती. नवी शिकवण नवं काही सुचण्याला पोषक ठरली. आईचं ते खेटून बसणं कमी झालं, हे नुकसानच. पण विणकाम संपलं नाही. कोंबडीची पिसं गुंफलेला नवरीचा पोशाखही इथे टिकून आहे.

म्हणून दुकानात 'हे प्राचीन आहे ना?' असं विचारताना जरा थांबायला हवं. ती नक्षी कदाचित आपल्याहून वयाने लहान असेल. प्राचीन म्हटलं, की ती कोणा एकीची उरत नाही. आणि जी कोणाचीच नाही, तिची घासाघीस सोपी जाते. त्यापेक्षा विचारूया: हे कोणी विणलं, आणि किती दिवस लागले? किंमत त्या उत्तरावर ठरायला हवी.