टेबलावरचे आरमार

आरमारी लढाईचा खेळ टेबलावर मांडतात तेव्हा त्यातले जहाज अर्धेच असते. टेबल हाच समुद्र. म्हणून जहाज पाणरेषेवर कापून तळ सपाट करावा लागतो, नाहीतर ते उभे राहत नाही. तोफा, धुराडी, डोलकाठ्या एवढे वर उरते. बॉयलर, इंजिन, कोळशाच्या कोठ्या, दारूचे कोठार आणि तेथे राबणारी माणसे, ही सारी करवतीखाली जातात. एकोणिसाव्या शतकातल्या चिलखती जहाजांचा आणि पहिल्या पाणबुड्यांचा इतिहास आपल्यापुढे मांडण्यासाठी आम्ही हा छंद निवडला, त्याचे कारण ही करवतच होय.

आमच्या युनियनच्या मंडळींपैकी एकाने परवा तोंडावर विचारले, “दादा, पगारवाढीचे सोडून हे लढाईच्या खेळण्यांचे खूळ कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण आमचे उमेदीचे दिवस गोदीत, जहाजदुरुस्तीच्या कामगारांत गेले. शाळा फार झाली नाही. पुढचे वाचन रात्रपाळीच्या सवडीतले. जहाज कोरड्या गोदीत आले की त्याचे पोट प्रथम दिसते, मग बाकीचे. ती सवय डोळ्यांना लागलेली. त्यामुळे पुस्तकांतली लढाऊ जहाजांची चित्रे पाहताना, खालचे कोठे गेले, असा प्रश्न आम्हांस पडतच राहिला.

आधी हकीगत थोडक्यात सांगतो. १८५९ साली फ्रेंचांनी ‘ग्ल्वार’ हे लाकडी जहाज लोखंडाच्या पत्र्याने मढवून समुद्रात सोडले. इंग्रजांनी उत्तरादाखल १८६० साली लंडनच्या टेम्स आयर्नवर्क्समधून ‘वॉरियर’ उतरविले. याचा सांगाडाच लोखंडाचा, लांबी ४२० फूट. चिलखताचा पत्रा साडेचार इंच जाड; आणि त्या पत्र्याच्या पाठीशी काय, तर १८ इंच सागवान! गोळ्याचा धक्का लोखंडाने अडवायचा आणि लाकडाने सोसायचा. सागवानी जहाजे कशी बांधावी हे मुंबईच्या वाडिया मिस्त्रींकडून शिकावे अशी एकेकाळी ख्याती होती. त्यांनी १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. पण लोखंड आले तसा मुंबईच्या गोदीतला लढाऊ जहाजे बांधण्याचा तो मान गेला. सागवान चिलखताच्या आड गेले, आणि त्याचे कारागीरही.

छंदिष्टांना सर्वांत प्रिय लढाई मार्च १८६२ ची, अमेरिकेच्या यादवी युद्धातली हॅम्प्टन रोड्सची. तेथे ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ ही दोन चिलखती जहाजे काही तास एकमेकांवर गोळे फेकीत राहिली आणि कोणीच हरले नाही. मॉनिटरचा नमुना करणे म्हणजे अगदी पोरखेळ: एक चपटी पट्टी, तिच्यावर बाटलीच्या बुचाची चकती, चकतीत दोन टाचण्या. झाला फिरता बुरूज. खऱ्या जहाजाचा काठ पाण्याबाहेर जेमतेम दीड फूट होता. म्हणजे खलाशी, अधिकारी, स्वयंपाकी, आगवाले सगळेच पाण्याखाली राहत. वरून हवा ओढणारे पंखे होते, ते चामड्याच्या पट्ट्यांवर फिरत. लढाईच्या आधीच्या प्रवासात लाटा धुराड्यातून आत शिरल्या, पट्टे भिजून घसरले, पंखे थांबले आणि इंजिनखोलीत विषारी वायू कोंडला. तिथली माणसे बेशुद्ध पडली. त्यांना ओढत बुरुजाच्या माथ्यावर नेऊन निजवावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, मॉनिटर वादळात बुडाले आणि १६ माणसे गेली. बुचाच्या चकतीवर यातले काही दिसत नाही.

खेळाला नियम आणि प्रतिष्ठा दिली ती फ्रेड जेन या इंग्रजाने. पेशाने चित्रकार, जहाजांचे वेड लहानपणापासूनचे. १८९८ साली त्याने जगातील लढाऊ जहाजांचा सचित्र कोश काढला, आणि त्याच सुमारास आरमारी लढाईचा आपला खेळही. कोश पुढे जेनच्याच नावाने जगभर चालू राहिला. खेळ बहुतेक विसरला गेला. जेनने सुरुवातीची जहाजे बुचाच्या लाकडाची केली आणि त्यांत तारेच्या तोफा खोचल्या. गोळाबारीसाठी फासे नव्हते. प्रत्येक जहाजाचे चित्र कागदावर छापून त्यावर चौकटी आखलेल्या. खेळाडूने टाचणी बसवलेल्या फळीने त्या चित्रावर फटका मारायचा, आणि टाचणी जेथे टोचेल तेथे गोळा लागला असे धरायचे. टाचणी मुद्दाम मध्यभागी नसे, म्हणजे नेम चुकण्याची सोय! ही युक्ती आम्हांस फार आवडते. फाशापेक्षा हात बरा. हातात कसब तरी असते.

पण अशा खेळांचे बहुतेक नियम वाचले तर एक गोष्ट खटकते. बॉयलरवर मार बसला की वेग निम्मा, इतका हिशेब असतो. बॉयलर फुटला म्हणजे भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसांचे काय झाले, याला रकाना नाही. वॉरियरवर १० बॉयलर होते. त्यांना कोळसा फावड्यानेच घालावा लागे. आपल्याकडे मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर असे काम करणाऱ्यांना आगवाला आणि कोळसावाला म्हणत, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत सारंग-टंडेलांच्या आठवणी अजून निघतात. तेव्हा हा रकाना कोणाच्या नावाचा राहून गेला, हे आपल्या श्रोत्यांना फोड करून सांगण्याचे कारण नाही.

आता नमुन्याची दुसरी जात पाहू. ही जेनच्या अगदी उलट. विल्यम फ्रूड नावाच्या इंजिनियरने १८६७ च्या सुमारास इंग्लंडमधील डार्ट नदीत ‘हंस’ आणि ‘डोमकावळा’ अशा नावांचे दोन आकार वेगवेगळ्या मापांत करून ओढून पाहिले. पुढे आरमार खात्याने दिलेल्या २००० पौंडांतून त्याने टॉर्की येथे आपल्या घराजवळ २७८ फूट लांबीचा हौद बांधला. १८७२ पासून तेथे प्रयोग चालू झाले. नमुने पॅराफिन मेणाचे. एक झाला की वितळवून दुसरा ओतायचा. या नमुन्यांवर तोफा नाहीत, डोलकाठ्या नाहीत. पाणरेषेखालचे पोट तेवढे महत्त्वाचे. लहान नमुन्यावरून मोठ्या जहाजाचे गणित कसे मांडावे तेही त्याने दाखविले: नमुना सोळाव्या हिश्शाचा असेल तर वेग सोळाव्या हिश्शाचा नव्हे, चौथ्या हिश्शाचा ठेवायचा, कारण वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो. जेनने जहाजाचा वरचा अर्धा भाग घेतला, फ्रूडने खालचा.

या दोन अर्ध्यांची फारकत झाली म्हणजे काय होते, ते ‘कॅप्टन’ या जहाजाने १८७० साली दाखविले. कूपर कोल्स हा फिरत्या बुरुजाचा पुरस्कर्ता. त्याला बुरूजही हवे होते आणि शिडांच्या उंच डोलकाठ्याही, आणि काठ मात्र ठेंगणा. आरमाराचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड याचा विरोध होता. कोल्सने वर्तमानपत्रांतून आणि पार्लमेंटातून गिल्ला केला व जहाज बांधून घेतले. काठ पाण्याबाहेर आठ फूट राहावयाचा, तो वजन वाढून साडेसहा फूटच राहिला. जुलै १८७० अखेर जहाज तिरपे करून मोजमाप घेतले गेले. पण त्याचा हिशेब पुरा होऊन बाहेर येण्याआधी जहाज सफरीवर निघून गेले होते. तो हिशेब असा की २१ अंश कलेपर्यंत सावरण्याची ताकद वाढत जाते, मग उतरते, आणि ५४ अंशांच्या सुमारास संपते. ७ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टर भूशिराजवळ वादळात जहाज कलंडले. सुमारे ४८० माणसे बुडाली, १८ वाचली. स्वतः कोल्स बुडाला, आरमारमंत्र्यांचा मुलगाही बुडाला. रीडचे ‘मोनार्क’ हेही बुरुजांचे आणि शिडांचेच जहाज. पण काठ उंच. त्याच काफिल्यात, त्याच वादळात ते तरले. चौकशी-न्यायालयाने स्वच्छ म्हटले की हे जहाज लोकमताच्या दडपणाखाली आणि जाणत्या खात्याच्या मताविरुद्ध बांधले गेले. लोकमताची बाजू घेऊन आम्ही आयुष्यभर भाषणे केली. पण बॉयलरचे आणि काठाचे गणित सभेत हात वर करून सुटत नाही, हेही कामगाराला कळले पाहिजे.

पाणबुडीला तर वरचा अर्धा भाग नसतोच. टेबलावर ठेवायची म्हटली तर एक लहानसा उंचवटा, बस्स. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीने या विषयाला मोठे तेज आणले, आणि भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. कॅप्टन नेमो हा मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, याचाही आपल्याला अभिमान वाटतो. व्हर्नच्या नॉटिलसमध्ये ग्रंथालय आहे, ऑर्गन आहे, वीज आहे. खऱ्या पाणबुडीत त्या काळी काय होते? अमेरिकेच्या दक्षिणेकडील मोबिल गावी १८६३ साली बांधलेल्या ‘हनली’त एक लोखंडी दांडा होता, आणि तो हातांनी फिरविणारी सात माणसे. आठवा तो पुढे बसून चालविणारा. लांबी ४० फूट, आतली उंची चार फुटांच्या आतबाहेर. माणूस हेच इंजिन.

ऑगस्ट १८६३ मध्ये ती चार्ल्स्टनच्या बंदरात बुडाली, पाच मेले. वर काढली. ऑक्टोबरात पुन्हा बुडाली, आठ मेले. त्यांत जिच्या नावाने ती ओळखली जाते तो होरेस हनलीही. पुन्हा वर काढली, आणि आत बसायला पुन्हा माणसे मिळाली. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री तिने लांब वाशाच्या टोकावरील सुरुंगाने ‘हूसाटॉनिक’ हे जहाज बुडविले. शत्रूची पाच माणसे गेली, आणि हनलीची आठही परत आली नाहीत. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या पक्षाची ही नाव. तिच्यासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण २००० साली ती समुद्रातून वर काढली तेव्हा आतल्या सांगाड्यांच्या तपासणीत आठांपैकी चौघे युरोपात जन्मलेले निघाले. कोणाच्या लढाईत कोण कोठून येऊन दांडा फिरवितो!

नमुने करणाऱ्यांची तर या वेळी चांगलीच पंचाईत झाली. तोवरचे नमुने, चार्ल्स्टनच्या संग्रहालयाबाहेरची पूर्ण आकाराची प्रतिकृतीसुद्धा, ती बांधण्यात हात असलेल्या विल्यम अलेक्झांडरने १९०२ साली आठवणीने काढलेल्या चित्रावर बेतलेले होते. चित्रात डबा ओबडधोबड. प्रत्यक्षात नाव माशासारखी निमुळती, रिवेटची डोकी पत्र्याशी सपाट ठोकलेली. वासा नाकाच्या वरच्या बाजूस दाखवीत, तो निघाला खालच्या बाजूस. आणि दांड्यावर आठ माणसे धरत, ती निघाली सात. ज्यांनी रिवेट सपाट ठोकले त्या मोबिलच्या कारागिरांना १३६ वर्षांनी न्याय मिळाला तो असा, चिखल खरवडून.

आपल्या मुंबईलाही चिलखती जहाजे होती, हे फार थोड्यांना माहीत असते. १८६८ साली मुंबईहून निघालेल्या फौजेने अबिसिनियात मॅग्दालाचा किल्ला घेतला. ४४ हत्तीही येथूनच जहाजांत घालून नेले होते. त्या स्वारीच्या नावाने ‘अबिसिनिया’ आणि ‘मॅग्दाला’ ही दोन बुरुजांची जहाजे मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० साली लंडनमध्ये बांधली. मॅग्दाला रीडच्या आराखड्याची आणि टेम्स आयर्नवर्क्सचीच: ठेंगणा काठ, त्यावर चिलखती कोट, कोटावर दोन बुरूज, चार तोफा, आणि शिडे मुळीच नाहीत. मुंबईपर्यंतच्या प्रवासापुरत्या मात्र तिला तीन तात्पुरत्या डोलकाठ्या लावल्या होत्या. कॅप्टन बुडून काही महिनेच झाले होते. त्या डोलकाठ्यांखाली झोपणाऱ्यांच्या मनात काय आले असेल याची कल्पना करावी. दोन्ही जहाजे तीसेक वर्षे बंदरात राहिली, शत्रूवर एकही गोळा न टाकता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी भंगारात विकली गेली.

कोणास मॅग्दालाचा नमुना करावयाचा असेल तर हिशेब सोपा आहे. लांबी २२५ फूट, रुंदी ४५ फूट. बाराशेव्या हिश्शाने सव्वादोन इंच आणि अर्ध्या इंचाहून किंचित कमी. माणूस या मापात जेमतेम दीड मिलिमीटर. लाकूड हलके घ्यावे, बुरुजांना पेन्सिलीचे काप चालतात, तोफांना टाचण्या. तळ कापू नये. खाली दोन खिळ्यांचा आधार द्यावा. मूळ पाहायचे तर मुंबईत काही उरले नाही, पण याच आराखड्याच्या घराण्यातले ‘सर्बेरस’ मेलबर्नजवळ हाफ मून बेमध्ये आहे. १९२६ साली लाटा अडविण्यासाठी ते तेथे बुडवून ठेवले. डिसेंबर १९९३ मध्ये खालचा सांगाडा खचला. दोन्ही बुरूज किनाऱ्यावरून दिसतात. बॉयलरखोलीचा भाग पाण्यात दबून गेला आहे.