व्रतराज, प्लुटार्क आणि आपले संकेतस्थळ

नागपुरातील आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंनी स्वतःचे छोटेसे संकेतस्थळ तयार करायला घेतले. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाच्या टिपा, काही आकृत्या आणि अवांतर वाचन म्हणून थोडे मराठी साहित्य, असा त्यांचा बेत होता. कामाला लागण्यापूर्वी त्यांनी आम्हाला विचारले, "सर, गडकऱ्यांच्या कविता घातल्या तर चालतील का? ग्रामगीतेतील ओव्या? सुरेश भटांच्या गझला? आणि या पुस्तकातली हृदयाची आकृती फार छान आहे, तीही घेऊ का?"

प्रश्न सरळ होते, पण आम्ही जरा घुटमळलो. कारण काही वर्षांपूर्वी असेच पान तयार करताना आम्ही दख्खनच्या पठाराचा एक सुबक नकाशा कोठूनसा उचलून लावला होता. पुढे एका ग्रंथालयात तोच नकाशा मूळ पुस्तकात पाहिला. त्याखाली नकाशा काढणाऱ्याचे नाव होते. आमच्या पानावर ते नव्हते. वैज्ञानिक लेखात दुसऱ्याचे एक मापन वापरले तरी त्याचे नाव देणारे आम्ही, येथे मात्र सहज चुकलो होतो. नकाशा त्याच दिवशी काढून टाकला आणि कॉपीराइटचा इतिहास वाचायला घेतला. त्यात सर्वांत उपयोगी पडले ते मुंबईत उभे राहिलेले दोन जुने खटले.

पोथीकडून छापखान्याकडे

आपल्याकडे पोथी उतरवून काढणे हे पुण्याचे काम मानले जाई. नकलाकार शेवटी आपले नाव आणि तिथी लिही, चुकांबद्दल क्षमा मागे. एक प्रत करायला महिनेच्या महिने लागत. नक्कल करणाऱ्याचे कष्ट इतके मोठे असत की त्यामुळे कोणाचे नुकसान होते, असा विचारही मनात येत नसे.

छापखाना आला आणि हे गणित बदलले. एकाने पैसे घालून, पंडित बसवून पुस्तक सिद्ध करावे आणि दुसऱ्याने ते समोर ठेवून खिळे जुळवावेत, हे शक्य झाले. इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आलेल्या कायद्याने नव्या पुस्तकावर १४ वर्षांचा हक्क दिला. मुदत संपताना लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे. हक्क मुळात लेखकाचा, आणि तोही ठरावीक मुदतीपुरता, ही कल्पना येथे प्रथम कायद्यात आली. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४७ साली असा कायदा केला. त्याखाली दाद मागायची तर पुस्तकाची नोंदणी आवश्यक होती. आज तशी सक्ती नाही. मजकूर लिहिला गेला की हक्क आपोआप निर्माण होतो.

व्रतराजाचा खटला

'व्रतराज' हा व्रतवैकल्यांवरील जुना संस्कृत ग्रंथ. त्यावर कोणा एकाची मालकी नव्हती. कोणीही तो छापू शकत होता. गंगाविष्णु श्रीकृष्णदास या प्रकाशकांनी १८८४ साली त्याची नवी आवृत्ती काढली. त्यासाठी पंडितांकडून ग्रंथाची नव्याने मांडणी करून घेतली, इतर जुन्या ग्रंथांतील उतारे योग्य जागी घातले आणि तळटिपा जोडल्या. चार वर्षांनी, १८८८ साली, मोरेश्वर बापूजी हेगिष्टे व इतरांनी त्याच ग्रंथाची आवृत्ती काढली. तिच्यात तेच जादा उतारे होते, त्याच तळटिपा होत्या आणि त्याही त्याच जागी.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मूळ ग्रंथ सर्वांचा आहे, मग तक्रार कसली, हा प्रश्न होताच. १८८९ साली न्यायालयाने म्हटले की सामग्री जुनी असली तरी तिची ही नवी मांडणी स्वतंत्र कृती ठरते. प्रतिवादींनी मूळ साधनांकडे जाऊन स्वतः काम केले नव्हते, वादीचेच काम उचलले होते. म्हणून त्यांना मनाई करण्यात आली.

प्रतिवादी स्वतः मूळ पोथ्यांकडे गेले असते आणि त्यांनी आपल्या पंडितांकडून टिपा लिहवून घेतल्या असत्या, तर कोणाची हरकत चालली नसती. एकाच झऱ्याचे पाणी दोघांनी भरावे. दुसऱ्याची भरलेली घागर उचलू नये, एवढेच न्यायालयाचे म्हणणे.

उचलेगिरी ओळखण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. दोन पुस्तकांत मूळ मजकूर सारखा असणे स्वाभाविक आहे. पण मुळात नसलेल्या गोष्टी दोन्हींत त्याच जागी सापडल्या, तर एक दुसऱ्यावरून आले असे अनुमान निघते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांची घराणी अशाच तर्काने लावली गेली. जनुकांतील समान बदलांवरून सजीवांचे नाते ठरवताना जीवशास्त्रज्ञही याच वाटेने जातात.

प्लुटार्कचा खटला

दुसरा खटला तर थेट शालेय पुस्तकाचा. प्लुटार्कच्या चरित्रांचे सर टॉमस नॉर्थ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १५७९ सालचे. शेक्सपिअरने आपल्या रोमन नाटकांसाठी तेच वापरले. मॅकमिलन कंपनीने १९१८ साली त्यातील अलेक्झांडरच्या चरित्राचे निवडक उतारे घेतले, ते थोड्या शब्दांनी एकमेकांना जोडले आणि प्रस्तावना व टिपांसह शाळांसाठी पुस्तक काढले. मुंबईतील के. अँड जे. कूपर या शैक्षणिक प्रकाशकांनीही तशाच उताऱ्यांचे, टिपांसह पुस्तक बाजारात आणले. मॅकमिलनने दावा लावला आणि तो मुंबईहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला.

डिसेंबर १९२३ मध्ये निकाल लागला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भाषांतरातून उतारे वेचणे आणि ते एकमेकांना जोडणे यात हक्क मिळण्याइतके ज्ञान, श्रम, विवेक आणि कौशल्य नाही. त्यामुळे त्या मजकुरावर मॅकमिलनचा हक्क नाही. टिपांची गोष्ट मात्र वेगळी. त्या कोणीतरी विद्वत्तेने लिहिल्या होत्या, त्यांच्यावर हक्क होता आणि कूपर यांनी तो मोडला होता.

आता दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहू. जुना मजकूर दोन्हीकडे मोकळा ठरला. व्रतराजात भर घालण्यामागे पंडितांचे खरे काम होते, म्हणून ती मांडणी राखली गेली. प्लुटार्कमध्ये नुसती कात्री आणि डिंक होता, म्हणून तो भाग राखला गेला नाही. टिपा मात्र दोन्हीकडे राखल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात याच धर्तीवर सांगितले की न्यायालयाच्या निकालाचा मूळ मजकूर सर्वांना मोकळा आहे, पण संपादकांनी त्यावर लिहिलेले सारांश त्यांचे आहेत.

बाईंच्या प्रश्नांची उत्तरे

आज आपल्याकडे १९५७ चा कायदा लागू आहे. तो १९५८ च्या जानेवारीत अमलात आला. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या सुमारास मुदत वाढवून ६० वर्षे करण्यात आली. ती मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या जवळच्या सावनेरला वारले. त्यांच्या कविता केव्हाच सर्वांच्या झाल्या आहेत. तुकडोजी महाराजांचे देहावसान १९६८ चे, म्हणून ग्रामगीतेवरील हक्क २०२८ अखेरपर्यंत. ग. त्र्यं. माडखोलकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. सुरेश भट २००३ साली गेले, म्हणजे २०६३ अखेरपर्यंत. तोवर या लेखनासाठी हक्कधारकांना पत्र लिहून परवानगी मागावी, किंवा पुस्तकाचे नाव देऊन मुलांना ग्रंथालयात पाठवावे.

गडकऱ्यांच्या बाबतीतही व्रतराजाचा धडा विसरू नये. कविता मोकळ्या आहेत. पण एखाद्या संपादकाने अलीकडे काढलेल्या आवृत्तीतील प्रस्तावना आणि टिपा त्या संपादकाच्या आहेत.

विज्ञानाच्या शिक्षकाला एक मोठी मोकळीक आहे. हक्क मांडणीवर असतो. वस्तुस्थितीवर किंवा कल्पनेवर नसतो. ओहमचा नियम, पाण्याचे सूत्र, हृदयाचे चार कप्पे ही कोणाची मालमत्ता नाही. एखाद्या पुस्तकातला परिच्छेद आणि एखाद्या चित्रकाराने काढलेली हृदयाची आकृती मात्र कोणाची तरी असते. बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात, तरी त्यांवर हक्काची नोंद छापलेली असते. फुकट मिळणे वेगळे आणि पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभा असणे वेगळे.

वर्गात शिकवताना शिक्षकाने उतारा वापरणे, प्रश्नपत्रिकेत छापणे याला कायद्याने सवलत दिली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या सवलतीचा उदार अर्थ लावला. पण वर्गाला चार भिंती असतात, संकेतस्थळाला नसतात. वर्गासाठी दिलेली सवलत साऱ्या जगाला खुल्या असलेल्या पानाला आपोआप लागू होते, असे धरून चालू नये. आणि खाली नाव लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, असेही नाही. नाव देणे हा सचोटीचा भाग आहे, परवानगी हा हक्काचा.

देणाऱ्यांची परंपरा

हक्क आहे म्हणजे तो बजावलाच पाहिजे असे नाही. ज्या जाळ्यावर आपण संकेतस्थळ उभारतो, ते वर्ल्ड वाइड वेब टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत घडवले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याच्या आज्ञावलीवरील आपला हक्क सोडून ती सर्वांना खुली केली. २००२ सालापासून क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारे लेखक किंवा चित्रकार आधीच सांगून ठेवतो की माझे काम अमुक अटींवर घ्या. विकिपीडियावरील लेखन अशाच परवान्याखाली आहे. ते घ्यावे, पण श्रेय द्यावे आणि अटी पाळाव्यात.

बाईंना आम्ही हे सारे सांगितले तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. पुढच्या रविवारी त्यांनी संकेतस्थळ दाखवले. गडकऱ्यांच्या दोन कविता होत्या, त्यांवरच्या टिपा बाईंनी स्वतः लिहिल्या होत्या. ग्रामगीतेसाठी पत्र टाकले होते. हृदयाची आकृती त्यांच्या नववीतल्या एका मुलीने काढली होती. डावा कप्पा जरा मोठा झाला होता. तो दुरुस्त करायचे ठरले. आकृतीखाली त्या मुलीचे नाव होते आणि पुढे लिहिले होते: तिच्या व तिच्या पालकांच्या परवानगीने.