बोटांची लिपी

श्रोतेहो, आपणांपैकी जे डोळस आहेत त्यांना आणि जे नाहीत त्यांना या क्षणी मी सारखाच अदृश्य आहे. नभोवाणीपुढे हा भेद उरत नाही. शाळेत मात्र तो पहिल्याच दिवशी आडवा येतो.

पॅरिस येथे व्हॅलेंतिन आवी या सद्गृहस्थाने १७८५ मध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. ओल्या कागदावर खिळे दाबून त्याने रोमन अक्षरे उठावदार केली आणि मुलांना ती बोटांनी वाचावयास शिकविले. उपकार थोर खरे. परंतु ती अक्षरे मुळात डोळ्यांसाठी घडलेली. एकेक अक्षर चाचपीत जावे लागे, पुस्तके अवजड, आणि लिहिण्याची सोय तर नव्हतीच. म्हणजे मुलांनी दुसऱ्याचे वाचावे, स्वतःचे टिपण मात्र करू नये!

लुई ब्रेल १८१९ साली या शाळेत आला तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या चर्मकामाच्या आरीने तो तीन वर्षांचा असतानाच त्याच्या डोळ्याला इजा झाली होती आणि पुढे दोन्ही डोळे गेले होते. शार्ल बार्बिए या माजी सेनाधिकाऱ्याने टिंबांची एक लेखनपद्धती शाळेस दाखविली. तिच्या एका चिन्हात बारापर्यंत टिंबे असत. ती बोटाच्या टोकाखाली मावत नसत. लुईने बाराची सहा केली. तेव्हा, म्हणजे १८२४ साली, त्याचे वय होते पंधरा! १८२९ मध्ये ही पद्धती ग्रंथरूपाने आली आणि टोकदार सळईने अंध मूल स्वतः लिहू लागले.

१८४० मध्ये संस्थेच्या नव्या संचालकांनी ती बंद केली. डोळस शिक्षकांस ती वाचता येत नसे. शिवाय वेगळ्या लिपीने अंध समाजापासून तुटतील, असेही म्हटले जाई. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. पण निर्णय घेताना ज्यांची बोटे त्या लिपीवर फिरत होती त्यांना कोणी विचारले नाही. त्यांनी ती चोरून चालू ठेवली. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. अधिकृत मान्यता मिळावयास १८५४ उजाडले. ब्रेल दोन वर्षे आधीच निवर्तला होता.

आपल्या देशातही निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत असत. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल ठरली. मराठी, बंगाली आणि तमिळ ‘क’ डोळ्यांना परस्परांहून किती निराळे! बोटाला मात्र तो एकच: डाव्या बाजूचे वरचे आणि खालचे, अशी दोन टिंबे. कोलकात्यात वा चेन्नईत वाढणाऱ्या मराठी घरातील अंध मुलास शेजाऱ्यांची अक्षरे बहुतांशी ओळखीचीच लागतात. आपणां डोळसांस ती नव्याने गिरवावी लागतात.