हलाल प्रमाणपत्र : ओळखीच्या जागी कागद

कोलकात्यातील पार्क सर्कस किंवा राजाबाजार भागात मटण घेणारा ग्राहक सहसा प्रमाणपत्र मागत नाही. खाटकाची ओळख त्याला पुरेशी असते. माल परदेशी जाणार असेल, तर मात्र ही ओळख कामी येत नाही. तेथे हलाल प्रमाणपत्र लागते.

हलाल म्हणजे शरियतनुसार ग्राह्य. मांसाच्या बाबतीत कत्तलीची पद्धत पाहिली जाते. बिस्किटे, औषधे व सौंदर्यप्रसाधने यांत जिलेटिन, चरबी व अल्कोहोल तपासले जाते. त्यामुळेच ही बाजारपेठ मांसापुरती राहिली नाही. मलेशियाने १९७४ मध्येच प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला.

भारतात हे काम दीर्घकाळ जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्टसारख्या खासगी संस्थांनी सांभाळले. ऑक्टोबर २०२४ पासून बांगलादेश, सौदी अरेबियासह १५ देशांना हलाल मांस पाठविण्यासाठी भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशने हलाल-प्रमाणित खाद्यपदार्थांच्या विक्रीवर बंदी घातली होती. निर्यातीचा माल तेवढा वगळला. परकीय चलनाचे वजन यावरून ध्यानात यावे.

तपासणीचे शुल्क मोठ्या निर्यातदाराला परवडते. लहान बेकरीवाल्याला तोच खर्च जड जातो, आणि कोलकात्यात अशा लहान बेकऱ्या पुष्कळ आहेत.