नापास करणारा माणूस

१९२९ सालच्या जुलै महिन्यात अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! बक्षीस होतं नव्या चरख्यासाठी, आणि अटींची यादी वाचली तर आजचा कुठलाही खरेदी अधिकारी मान डोलावेल. चरखा वजनाने हलका हवा. खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईमाणसाला तो आठ तास फार न थकता चालवता यावा. त्या आठ तासांत बारा ते वीस नंबरचं सोळा हजार वार सूत निघावं. म्हणजे साधारण साडेचौदा किलोमीटर धागा, वर्ध्याहून सेवाग्रामला जाऊन जवळजवळ परत येण्याइतका. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर चरखा वीस वर्षं चालला पाहिजे आणि सुट्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. ज्याला स्पर्धेत उतरायचं त्याने आपलं यंत्र स्वतःच्या खर्चाने साबरमतीच्या आश्रमात आणून द्यायचं.

आपल्या किर्लोस्करवाडीहून यंत्र गेलं. त्यातल्या त्यात तेच अटींच्या जवळ पोचलं, असं म्हणतात. पण सगळ्या अटी त्यानेही पुऱ्या केल्या नाहीत आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मला या गोष्टीतलं आवडतं ते हे की, गांधीजींना तो चरखा मनापासून हवा होता. यंत्र देशी, कारखाना देशी, बनवणारे नामवंत. ‘चालवून घ्या’ म्हणायला सगळी कारणं होती. तरी तपासलं आणि नापास केलं. पुढे १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला गेले. त्यांच्याबद्दल आमच्या जिल्ह्यात पुष्कळ सांगितलं जातं. हे नापास करणं मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मित्रहो, आज मला बोलायचं आहे ते अशाच एका नापास करणाऱ्या माणसाबद्दल. अणुवीज केंद्राला यंत्रं पुरवणाऱ्या कारखान्यात उभं राहून तपासणी करणारा माणूस. तुम्ही म्हणाल, या कवीला हे कुठून सुचलं? मी बी.ए. झालेला माणूस, वर्ध्यात अणुवीज केंद्र नाही, आणि विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. पण आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा आयटीआय करून वेल्डर झाला आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात लागला. पहिल्या ईदेला घरी आला तो तोंड पाडूनच. शीरखुर्मा समोर ठेवला तरी बोलेना. शेवटी म्हणाला, “चाचा, माझी फिल्म परत आली.”

फिल्म म्हणजे सिनेमाची नव्हे. दोन जाड पत्रे वेल्डिंगने जोडले की वरून सांधा कितीही सुरेख दिसो, आत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून एका बाजूला इरिडियमसारखा किरणोत्सारी पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवून सांध्याचा फोटो काढतात. आपल्या छातीचा एक्स-रे काढतात तसाच. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल, धातूचा मळ अडकला असेल, धातू नीट एकजीव झाला नसेल, तर फिल्मवर काळा डाग उमटतो. फोटो तरी नीट निघाला का, याचा पुरावा म्हणून शेजारी बारीक तारांचा नमुना ठेवायचा; त्यातली ठरलेली तार फिल्मवर दिसली नाही तर फिल्मच बाद. डाग मापापेक्षा मोठा असेल तर तेवढा सांधा ग्राइंडरने खरवडून काढायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा फिल्म. या मुलाने दोन दिवस खपून केलेला सांधा तपासनिसाने एका मिनिटात परत केला होता.

मग त्याने मला एकेक सांगायला सुरुवात केली आणि मी वही काढली. लाल रंगाचा द्रव सांध्यावर लावून पुसायचा, वर पांढरी भुकटी मारायची; केसाएवढी चीर असली तरी तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटून येतो. हेलियम वायू वापरून गळती शोधायची, कारण आत जड पाणी असणार. ते महाग आणि वापरात किरणोत्सारी होत जाणारं, त्याचा थेंबही बाहेर यायला नको. आणि कामाच्या आराखड्यात काही ठिकाणी ‘होल्ड पॉइंट’ असतो. तिथे काम थांबवायचं. तपासनीस येऊन पाहून सही करेपर्यंत मालकाने सांगितलं तरी पुढे जायचं नाही.

सगळ्यात मला भावला तो आकड्याचा प्रवास. पोलादाच्या प्रत्येक घाणीला एक क्रमांक असतो, हीट नंबर. पत्रा कापायच्या आधी तो क्रमांक प्रत्येक तुकड्यावर उतरवायचा, तपासनिसाने स्वतः बघून ठसा मारायचा आणि मगच कापायचं. उद्या केंद्रात कुठला तुकडा बिघडला तर तो कुठल्या भट्टीतून, कुठल्या दिवशी निघाला, हे सापडलं पाहिजे. हे ऐकताना मला माझे अब्बा आठवले. हिंगणघाटला कापसाच्या प्रेसमध्ये ते गाठींवर खुणा रंगवायचे. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक बंधनकारक केला होता. ओला कापूस, भेसळीचा कापूस दाबून खपवला तर बोट कुणाकडे करायचं ते कळावं म्हणून. लहानपणी मला वाटायचं, अब्बा गाठींवर नक्षी काढतात.

आता थोडा इतिहास. महाराष्ट्रातलं तारापूर १९६९ मध्ये सुरू झालं ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने सगळं उभारून दिलेलं. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने दुसऱ्या जातीची अणुभट्टी आली. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि कॅनडाने हात काढून घेतला. मग जे बाहेरून यायचं ते इथेच घडवणं आलं. ते कुणी घडवलं? मुंबईत पवईला लार्सन अँड टुब्रोने, विक्रोळीला गोदरेजने आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने. वालचंद हिराचंदांनी साखर कारखान्याभोवती वसवलेलं ते गाव. साखरेची यंत्रं घडवणाऱ्या हातांना पुढे अणुभट्टीचं मुख्य पात्र घडवायचं होतं. त्याला कॅलँड्रिया म्हणतात. आडवं ठेवलेलं प्रचंड पिंप, आणि त्याच्या आरपार जाणाऱ्या नळ्या. दोनशे वीस मेगावॉटच्या भट्टीत अशा तीनशे सहा वाटा असतात. दोन्ही टोकांना जाड ढाली, एंड शील्ड, आणि त्यांतही तीनशे सहा भोकं, समोरासमोर, रेषेत. एक भोक किंचित सरकलं तरी पुढचं सगळं अडणार. किर्लोस्करांचे पंपही पुढे अणुवीज केंद्रांत गेले. चरख्याच्या वेळी नापास झालेलं नाव मोठ्या परीक्षेला बसलं, एवढं मला नमूद करावंसं वाटतं.

पण तपासणीने सगळं साधतं असं नाही, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. रावतभाट्याच्या पहिल्या भट्टीच्या एका ढालीला तडे गेले आणि १९८१ मध्ये तिच्यातून पाणी गळू लागलं. ती ढाल कुणी चोरून हलकी बनवलेली नव्हती. तिच्यासाठी निवडलेलं निकेलमिश्रित पोलादच किरणांच्या माऱ्यात ठिसूळ होत होतं. तपासनीस कागदावर लिहिलेल्या मापाशी वस्तू ताडून बघतो. कागदच चुकला असेल तर त्याचा ठसा काय करणार? भट्टी पुन्हा पुन्हा बंद ठेवावी लागली, नंतर कमी शक्तीवर चालवावी लागली. पुढच्या भट्ट्यांच्या ढाली स्टेनलेस स्टीलच्या झाल्या.

दुसरी गोष्ट उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याची. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली. टर्बाइन भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचं होतं. तोल गेला, हादऱ्याने नळ्या फुटल्या, हायड्रोजनने पेट घेतला, तेल पेटलं, केबली जळाल्या आणि सगळं केंद्र अंधारात गेलं. सतरा तास वीज नव्हती. वीज बनवणाऱ्या केंद्रात! काही कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन इमारतीच्या माथ्यावर चढले आणि त्यांनी झडपा हाताने उघडून भट्टीत बोरॉनचं द्रावण सोडलं. मोठा अनर्थ टळला. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी पुढे जाहीरपणे लिहिलं की, या पात्यांच्या आराखड्यातला दोष मूळ परदेशी कंपनीने १९८९ मध्येच कळवला होता आणि पाती बदलण्याची शिफारसही झाली होती. म्हणजे दोष ठाऊक होता, तो कागदावरही आला होता. फक्त कुणी थांबवलं नाही. अपघातानंतर पाती बदलली.

ठाऊक असूनही न थांबवणं काय असतं, हे आम्हा वर्धेकरांना दुसऱ्या कुणी सांगायला नको. ३१ मे २०१६. मध्यरात्र उलटून गेली होती. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि नाचणगाव, आगरगावची माणसं पोरंबाळं घेऊन अंधारात घराबाहेर पळाली. दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून जास्त माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. चौकशीतून पुढे आलं ते हे की, रणगाडाविरोधी सुरुंग सदोष होते, त्यांतून टीएनटी झिरपत होतं. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, देवळी तालुक्यातल्या सोनेगाव आबाजीजवळ निकामी दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर स्फोट झाला. सहा जण गेले. मजुरीला आलेली आसपासच्या गावांची माणसं त्यांत होती. दारूगोळा वेगळा आणि अणुभट्टी वेगळी, हे मलाही कळतं. पण कारखान्यात मारलेला ठसा पुढे किती वर्षांनी, कुणाच्या अंगणात उघडतो, ते मी पुलगावमुळे शिकलो.

तिसरी गोष्ट फ्रान्सची, आणि तिचा धागा आपल्या कोकणाशी आहे. राजापूर तालुक्यातल्या माडबनला, जैतापूर प्रकल्प म्हणतात तिथे, फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्यांपैकी पहिल्या दोनचा करार २०१० मध्ये झाला. त्याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिल इथे बांधली जात होती. २०१५ मध्ये तिथल्या नियामकाने जाहीर केलं की, भट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि तळात कार्बनचं प्रमाण असायला हवं त्यापेक्षा जास्त आहे. ते भाग क्रझो गावच्या जुन्या, नावाजलेल्या कारखान्यात घडवले होते. मग तिथल्या फायली उघडल्या, तेव्हा शेकडो फायलींमध्ये गडबड सापडली. काही फायलींवर दोन रेघांची खूण होती. म्हणजे आतली खरी मोजमापं एक आणि गिऱ्हाइकाला दाखवलेला कागद दुसरा. हा उद्योग काही दशकं चालला होता. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये सुट्या भागांची खोटी प्रमाणपत्रं सापडली आणि दोन भट्ट्या बंद कराव्या लागल्या. त्या माझ्या वेल्डर पोराला मी क्रझोची गोष्ट सांगितली तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, “चाचा, आकडा बदलायला पेन लागतं. सांधा बदलायला रात्र जाते.”

आपल्याकडे २०१० मध्ये अणुदायित्वाचा कायदा झाला. भोपाळची आठवण ताजीच होती. सदोष यंत्रामुळे अपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्याला पुरवठादाराकडे भरपाई मागता येईल, असं त्याचं सतरावं कलम सांगत होतं. परदेशी कंपन्यांना ते रुचलं नाही, देशी पुरवठादारही कुरकुरत होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं आणि ते कलम जुन्या रूपात उरलं नाही. त्याच कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. १९८३ पासून ते सरकारी आदेशावरच उभं होतं. दर्जा मिळाला, चांगलं झालं. पण माझी शंका साधी आहे. पुरवठादाराच्या खिशाला झळ लागण्याची भीती कमी झाली, तर कारखान्यात उभा असलेल्या त्या एका माणसावरचा भार वाढणार. त्याची बदली कोण करतो, त्याच्या वरिष्ठाला कोणत्या तारखेपर्यंत माल हवा आहे, त्याने अडवलेलं काम वरून फोन आल्यावर सुटतं की नाही, हे कायद्याच्या पुस्तकात कुठे वाचायचं?

तो मुलगा आता चाळिशीत आला. केस विरळ झाले, चष्मा लागला. ज्या तपासनिसाने त्याची पहिली फिल्म परत केली त्याच्याशी तो तेव्हा आठ दिवस बोलला नव्हता. पुढे त्याच्याकडूनच फिल्म वाचायला शिकला, परीक्षा दिल्या, आणि आता स्वतः तपासणीत आहे. मागच्या महिन्यात रात्री उशिरा त्याचा फोन आला. आवाज दबका होता. इकडची तिकडची चौकशी झाली, पावसाचं विचारून झालं. मग म्हणाला, “आज एक जॉब थांबवला, चाचा. गाडी दारात उभी होती, ताडपत्रीसुद्धा बांधून झाली होती.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय. ताडपत्री सोडायला लावली.”